गार्डन ट्रॅक्टर, आठ महिने, ११० तास आणि एक कंडेन्सर

आज पुन्हा बंद पडला. बरोबर बाविसाव्या मिनिटाला, आणि बरोबर तिथेच, जिथून शेडपर्यंत चढ लागतो. तीनशे किलोच्या आसपासचं धूड एकट्याने ढकलत आणताना पाठीतून जी कळ गेली, तिच्या जोरावर हे लिहायला बसलोय. सहा महिने टाळत होतो. अर्धवट अनुभवावर लिहू नये असं वाटायचं. आता अनुभव भरपूर झालाय.

दहा हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, साइड व्हॉल्व्ह, पॉइंट-कंडेन्सर इग्निशन, एवढं वाचून ज्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांच्या राहत नाही त्यांनी नवा लॉन ट्रॅक्टर घ्यावा आणि सुखात राहावं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की दोन तट पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. १९६० च्या दशकात या गल्लीत बरेच जण होते. कब कॅडेट, व्हील हॉर्स, आणि १९६३ मध्ये ‘११०’ हे मॉडेल घेऊन उतरलेला जॉन डिअर. पिवळा चांगला, लाल चांगला की हिरवा (त्याच क्रमाने या तिघांचे रंग), हा वाद अजून चालू आहे, पण बॉनेट उघडलं की बऱ्याचदा आत कोहलरचं के मालिकेतलंच इंजिन निघतं. माझ्याकडच्या ट्रॅक्टरला के २४१ आहे. साधारण ३९० सीसी. इंजिनाबद्दल माझी एका पैशाची तक्रार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळा त्रागाच आहे.

ट्रॅक्टर घेतला ओळखीच्या एका काकांकडून. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता. मी विचारलं, "काका, चालतो का?" काका म्हणाले, "एकदम. अर्ध्या सेल्फवर चालू." आणि खरोखर अर्ध्या सेल्फवर चालू झाला. मी तिथेच विरघळलो. व्यवहार झाला, ट्रॅक्टर घरी आला, दुसऱ्या दिवशी गवतात घातला आणि वीस-बावीस मिनिटांनी धाप टाकून बंद. अर्ध्या तासाने गार झाल्यावर पुन्हा अर्ध्या सेल्फवर चालू. काकांना फोन केला, "काका, तुमच्याकडे कधी तापल्यावर बंद पडायचा का हो?"

"छे. कधीच नाही."

"किती वेळ चालवायचात एका वेळी?"

"पंधरा मिनिटं. त्यावर माझी कंबर कुठे टिकते?"

तर असो.

आधी चांगलं लिहितो, नाहीतर राग आल्यावर राहून जाईल. लॉन ट्रॅक्टर फक्त गवत कापतो. गार्डन ट्रॅक्टरला मागे नांगर लावून माती उलटता येते, आणि त्याची फ्रेम, गिअरपेटी, मागचा अ‍ॅक्सल हे सगळं त्या हिशोबाने केलेलं असतं. हे वाचलेलं होतं, पण पटलं तेव्हा, जेव्हा ट्रॉलीत ओली माती भरून चढावर नेली आणि इंजिनाचा आवाज एका पट्टीनेही उतरला नाही. पत्रा असा की बॉनेटवर टिचकी मारली तर नख दुखतं. पाने घेऊन बसलं की प्रत्येक बोल्टपर्यंत हात पोचतो. नव्या यंत्रांत प्लास्टिकच्या खुंट्या तुटायच्या भीतीने आपण अर्ध्यावरच सोडून देतो, इथे भीती एकच, पाना पायावर पडायची.

ऑइल दर २५ तासांनी बदलायचं. यात कंजूषपणा करू नका, आणि हे सांगणारा माणूस स्वतः पक्का कंजूष आहे. या इंजिनात ऑइल फिल्टर नाही, पंपही नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक चमचासारखा भाग असतो, तो खालच्या ऑइलमध्ये बुचकळतो आणि सगळीकडे शिंतोडे उडवतो, तेवढंच वंगण. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि थेट क्रँकवर फिरतो. पातळी उतरली आणि तसंच दामटलं, तर तो रॉड ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर डोकावतो. साधं ३० नंबरचं ऑइल, जेमतेम दोन लिटर. प्रत्येक वेळी सुरू करायच्या आधी सपाट जागेवर ऑइलची पातळी दाखवणारी कांडी बघायची. मी आतापर्यंत तीनदा बदललंय. पहिल्यांदा निघालं ते डांबर होतं.

आणि पंख्याचं कव्हर काढा. घेतल्या घेतल्या काढा. हवेवर गार होणारं इंजिन आहे, सिलिंडरच्या फिन्समधून वारा गेला नाही तर आतल्या आत भाजून निघतं. माझ्याकडे कव्हरखाली उंदराचं घर निघालं. सुकं गवत, सुतळीचे धागे, कुठल्याशा गादीचा कापूस, आणि मधोमध कुरतडलेल्या तारेचे लाल तुकडे, नक्षी केल्यासारखे. बायकोने बघून म्हटलं, "तुझ्यापेक्षा त्या उंदराने जास्त मेहनत घेतली आहे या ट्रॅक्टरवर." उंदराचं घर काढल्यावर मला वाटलं, सापडलं! तापून बंद पडत होता तो यामुळेच. चालवला. बावीस मिनिटं. बंद.

इथून पुढचे चार महिने मी कार्ब्युरेटरच्या मागे घालवले. आपल्याकडे कुठलंही पेट्रोलचं यंत्र बंद पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय." मीही त्याच संस्कारातला. तीन वेळा खोलला. पहिल्यांदा खरंच कचरा होता, जुन्या पेट्रोलचा तपकिरी डिंक जमलेला. दुसऱ्यांदा थोडासा. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं, फक्त मी होतो आणि माझा हट्ट. मेन जेटची, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी, सुई हलक्या हाताने टेकवून तिथून साधारण दोन फेरे बाहेर, हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो, पण "हलक्या हाताने" हे दोन शब्द माझ्या आधीच्या कुणीतरी वाचलेले नव्हते. सुईच्या टोकाला आवळून आवळून खाच पडली होती. ती बदलली. रबरी नळ्या बदलल्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी नळी आतून सुजते, बाहेरून धडधाकट दिसते. टाकीच्या झाकणाचं भोक बघितलं. ते बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही आणि इंजिन याच पद्धतीने थोड्या वेळाने मरतं. बंद पडल्यावर झाकण सैल केलं आणि "फुस्स" झालं तर दोष तिथे. माझ्याकडे फुस्स झालं नाही. फुस्स व्हावं म्हणून मी अक्षरशः कान लावून बसायचो.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगतो, म्हणजे इतरांचे चार महिने वाचतील. तापल्यावर बंद पडणाऱ्या इंजिनाचं निदान ते तापलेलं असतानाच करायला हवं. मी काय करायचो? बंद पडला की आधी चिडायचो, मग ढकलत शेडमध्ये आणायचो, मग हात धुऊन, पाणी पिऊन, पाने मांडून बसायचो. तोवर ते गार. गार झाल्यावर सगळं ठणठणीत, प्लगला करंट उत्तम. शेवटी एकदा प्लगचा पाना, एक जादा प्लग आणि रबरी हातमोजा सीटखाली ठेवला, आणि बंद पडल्या क्षणी तिथेच गवतात उतरलो. पेट्रोलच्या वाफेपासून लांब, जादा प्लग वायरला लावून हेडला टेकवला आणि सेल्फ मारला. ठिणगी होती, पण पिवळट, केसासारखी बारीक, आवाज न करणारी. निळी, टच्च आवाज करणारी ठिणगी हवी. म्हणजे पेट्रोल निर्दोष, कार्ब्युरेटर निर्दोष. चार महिने एका निरपराध्याला मी तीन वेळा सोलला होता.

पॉइंटची डबी उघडली. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, तो तुटला की कॉइल प्लगला ठिणगी देते. ज्यांनी जुन्या स्कूटरचे पॉइंट घासलेत त्यांना ते दृश्य ओळखीचं वाटेल. दोन टिकल्या, दोन्ही काळ्या-निळ्या, एकीवर खड्डा आणि दुसरीवर बरोबर त्या खड्ड्यात बसेल असं टेंगूळ. पॉइंट उघडताना तिथे जी ठिणगी पडू पाहते ती गिळायचं काम कंडेन्सरचं. तो काम करेनासा झाला की ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी पॉइंटवर पडते, टिकलीचा धातू इकडून उडून तिकडे चिकटतो, आणि प्लगला उरतं ते पिवळट काहीतरी. करंगळीच्या पेराएवढा पत्र्याचा डबा, आत कागद आणि वर्ख गुंडाळलेला, बाहेर एक वायर. अख्ख्या ट्रॅक्टरमधला सगळ्यात स्वस्त भाग. टपालखर्च त्याहून जास्त पडतो. आणि त्याने मला चार महिने नाचवलं.

नवा मागवला. नवे पॉइंटही मागवले. ब्लॉक उघडाच होता म्हणून त्या बाजूला गंज काढून छान तकतकीत रंगही मारला. (हे वाक्य लक्षात ठेवा.) पॉइंटचं अंतर ०.५ मिलिमीटर, फिलर गेज, म्हणजे अंतर मोजायची पातळ पट्टी, पत्ता ओढल्यासारखी किंचित अडकत निघावी असं. ट्रॅक्टर चालू. पाऊण तास चालला! एक तास! मी घरात येऊन जाहीर केलं की प्रश्न संपला.

तिसऱ्या आठवड्यात बंद. तापल्यावर. पॉइंट उघडले, टिकल्या काळ्या.

मग मी मल्टिमीटर काढला. कंडेन्सरची वायर सोडवून त्याची क्षमता मोजली, ०.२१ मायक्रोफॅरड. या इग्निशनला साधारण ०.२ च्या आसपास हवा, म्हणजे निर्दोष. पण आता मी शहाणा झालो होतो. गार असताना मोजून काय उपयोग? बायकोचा हेअर ड्रायर आणला, कंडेन्सर चिमट्यात धरला, मीटर लावून ठेवला आणि गरम वारा सोडला. तीनेक मिनिटं काही नाही. मग आकडा थरथरला, ०.१९, ०.०४, पुन्हा ०.२०, आणि मग सपाट शून्य. वारा बंद केला, पाच मिनिटांनी साहेब परत ०.२१ वर. आतलं टोक कुठेतरी नुसतं टेकलेलं होतं, तापून पसरलं की सुटायचं. इतका आनंद मला ट्रॅक्टर घेताना झाला नव्हता.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर: "विजेचे सुटे भाग परत घेतले जात नाहीत." मी हेअर ड्रायरचा व्हिडिओ पाठवला. उत्तर: "बसवणाऱ्याकडून चूक झाली असू शकते." मी लिहिलं, ड्रायरला कोणी बसवत नाही. पुढचे अठरा दिवस आमचा पत्रव्यवहार चालला. एवढ्याशा वस्तूसाठी माणूस इतकं का भांडतो असं घरातल्यांनी विचारलं. वस्तूसाठी कोण भांडतंय? साठ वर्षांपूर्वीचा मूळ कंडेन्सर निदान साठ वर्षांनी मेला, हा तीन आठवड्यांत. बाहेरून चकचकीत, वर छापील अक्षरं, आत काय आहे देव जाणे. शेवटी त्यांनी दुसरा फुकट पाठवला, टपालखर्चासकट. सोबत एका ओळीची चिठ्ठी, "बसवायची जागा आधी घासून लख्ख करा." मला वाटलं, ही पळवाट. पुढचा मेला की म्हणणार, तुम्ही घासली नसेल. चिठ्ठी फेकली, कंडेन्सर बसवला.

आणि आज, नऊ दिवसांनी, चढाच्या पायथ्याशी, बाविसाव्या मिनिटाला. तर माझा निष्कर्ष असा आहे: बाजारात येणारे नवे कंडेन्सर म्हणजे डबीत भरलेली हवा. पाचपैकी ट्रॅक्टरला चार तारे, कंडेन्सर विकणाऱ्याला एकही नाही.

इथपर्यंतचं सहाव्या महिन्याच्या शेवटी लिहिलं होतं. पाठवायचं राहून गेलं, आणि बरं झालं. वरचं एक अक्षर बदललेलं नाही, पण आता पुढचं वाचा.

दुसरा कंडेन्सर मी खोलून ड्रायरखाली धरला, नव्या व्हिडिओच्या तयारीने. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ०.२२. हात भाजायला लागला, आकडा ढिम्म. तासभराने परत. ०.२२. कंडेन्सर उत्तम होता.

मग मी बराच वेळ त्या क्लॅम्पकडे बघत बसलो. कंडेन्सरला वायर एकच असते. दुसरं टोक म्हणजे त्याचा डबाच. तो क्लॅम्पने लोखंडाला टेकतो आणि तेच त्याचं अर्थिंग. आणि ज्या लोखंडाला तो टेकत होता त्यावर माझ्या हाताने मारलेला, दोन कोट दिलेला, तकतकीत रंग होता. पेचाच्या आट्यांमधून जे काय थोडंफार अर्थिंग मिळत होतं त्यावर गाडी चालली होती. इंजिन तापलं, थरथरलं, पेच केसभर सैल झाला की तेवढंही जायचं. वायर जोडलेली, कंडेन्सर चांगला, आणि तरी सर्किटमध्ये तो नाहीच. मीटर डब्यावर आणि ब्लॉकवर लावून बघितला. आकडा बोटाने पेच हलवला की नाचत होता.

पॉलिश पेपर घेतला, नाण्याएवढी जागा घासून उघडं लोखंड काढलं, क्लॅम्पची आतली बाजूही घासली, खाली दातेरी वायसर टाकला आणि आवळला. नवे पॉइंट. त्यानंतर आजपर्यंत पस्तीसेक तास झालेत. तापल्यावर एकदाही बंद नाही. एकदा मुद्दाम दुपारच्या उन्हात सलग अडीच तास चालवला, गवत संपलं तर कापलेल्यावरूनच पुन्हा फिरवला.

तरी एक सांगतो. पहिला कंडेन्सर खरंच खराब होता. ड्रायर खोटं बोलत नाही. तेवढं मी सोडणार नाही.

ज्यांना स्वतः हे करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, फिलर गेजने अंतर लावून थांबू नका, ती नुसती सुरुवात. फ्लायव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर, एस अशी खूण असते. ती निरीक्षणाच्या भोकात बरोबर मध्ये आली की त्याच क्षणी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या २० अंश आधी. प्लग काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या वायरला, दुसरं ब्लॉकला, चावी चालू. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला, उघडले की पेटतो. इंजिन हाताने, चालायच्या दिशेनेच फिरवा, आणि खुणेवर दिवा पेटेपर्यंत पॉइंट इकडे-तिकडे सरकवा. अंतर ०.५ पेक्षा थोडं पुढे-मागे झालं तरी चालतं, पण खूण चुकवू नका. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सेल्फ मारल्यावरचा आवाजच वेगळा आला, खोकला गेलेल्या माणसासारखा. चावी मात्र विसरून चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जाते. विचारू नका मला कसं माहीत.

दोन, पॉइंट घासल्यावर टिकल्यांच्या मधून कोरा जाड कागद ओढून काढा, जुनी लग्नपत्रिका उत्तम. बोटाचा तेलकटपणाही पुरतो ठिणगी खराब करायला. इथे पॉइंट कॅमवरून एका बारीक दांडीने उघडतात, त्या दांडीचं भोक झिजलं की तिकडूनही ऑइल येतं. माझ्याकडे थोडं येतं. महिन्याला एकदा पुसतो.

बाकी किरकोळ. स्टार्टर आणि जनरेटर एकाच डब्यात आहेत, मध्ये पट्टा. पट्टा सैल पडला की सेल्फ मारताना चित्कारतो आणि लोक उगाच बॅटरी बदलतात. पट्टा ताणा. पुढच्या चाकांच्या बुशिंगा गेल्या होत्या, बदलल्या. ग्रीस निप्पल शोधून शोधून मोजा, मला दोन महिन्यांनी चिखलाखाली एक नवीनच सापडलं. गवत कापणारा डेक ठीकठाक आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पेट्रोल जास्त पितो का? पितो. नवीन यंत्रापेक्षा जास्तच. त्या हिशोबाची वही मी सुरू केली होती, तिसऱ्या पानावर बंद केली.

काकांना परवा बोलावून अर्धा तास चालवायला दिला. उतरल्यावर कंबर धरून म्हणाले, "माझ्याकडे असताना असाच चालायचा." मी काही बोललो नाही.

खराब निघालेला तो पहिला कंडेन्सर टूलबॉक्सच्या झाकणाला तारेने बांधून ठेवलाय, पाहुण्यांना ड्रायरचा प्रयोग दाखवायला. गेल्या आठवड्यात विक्रेत्याकडून आपणहून निरोप आला, दुसरा कसा चालतोय म्हणून. दोन दिवस विचार केला आणि उत्तर पाठवलं, "चालतोय." रंगाचं काही लिहिलं नाही. तारे मात्र शून्यावरून तीन केलेत.